बसून हाकायचा बैल

१४ ऑगस्ट १९९७

मागच्या आवारातलं गवत आज माझ्या कमरेला लागलं. सखू ओट्यावरून ओरडली, "अवो, हरवाल!" मी गवतातून हात वर करून दाखवला.

ही डायरी आमचा भाडेकरू जयप्रकाश याने जानेवारीत दिली होती. त्याच्या कंपनीची आहे, वर सोनेरी अक्षरं. मी शाळेत गेलो नाही. मिठाच्या गोणींवरचे शिक्के आणि दुकानांच्या पाट्या लावत लावत वाचायला शिकलो, त्यामुळे लिहायला काही कारण लागतं. आज मिळालं.

धर्मराज जेवताना म्हणाला, "बाबा, दसऱ्यापर्यंत गवताचं काय ते बघा. नायतर मी सगळ्या आवारात कोबा करून टाकतो." पोराचा रेती-खडीचाच धंदा आहे, तो बोलतो म्हणजे करणार. त्याचंही खोटं नाही. गेल्या आठवड्यात न्हाणीपाशी साप निघाला. शिवाय कोबा केला की गाड्या उभ्या करायला जागा होईल, भाडं येईल.

पण बोनकोड्यात आता माती उरली कुणाकडे? शेतं गेली, त्यावर सेक्टर आले. आमच्याकडे घरामागचं खळं राहिलं, खळ्यापलीकडे बांध, बांधापलीकडे भाताचं एक खाचर, आणि टोकाला विहीर नि आपट्याचं झाड. हत्ती गेला नि शेपूट राहिलं. त्या शेपटावरही सिमेंट ओतायचं?

सखू नुसती विहिरीकडे बघत राहिली. शिमग्यापासून तिचे गुडघे धरलेत, ओट्याखाली उतरलेली नाही. काठी दिली तर म्हणते, "काठी घेतली म्हंजे म्हातारी झाली." पासष्टीची झाली आहे.

१७ ऑगस्ट

दिघ्याहून दोन माणसं आणून गवत काढून बघितलं होतं, पंधरवड्यात जैसे थे. शेळ्या आणल्या तर त्यांनी गवत सोडून सखूची अळूची पानं खाल्ली.

आज जयप्रकाश चहाला आला. "काका, टेन्शन घेऊ नका. बसून चालवायचं मशीन येतं. ट्रॅक्टरचं पिल्लू समजा. पोटाखाली पाती फिरतात, तुम्ही वर राजासारखे बसायचं."

त्याने एका इंग्रजी पुस्तकातलं चित्र दाखवलं. एक गोरा म्हातारा लाल यंत्रावर बसून हसत होता. माझं मन तिथंच गेलं. बैल विकल्याला वीस वर्षं झाली, हात अजून कासरा शोधतात.

सखूने चित्र मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि लागली खोट काढायला.

"शिट किती रुंद हाय?"

"वर चढाला पायरी हाय का?"

"पायानं चालतो का हातानं?"

मी म्हटलं, "सखू, तुला काय करायचंय? गवत कापल्याशी कारण!" ती म्हणाली, "इच्यारू पन नको का?" जयप्रकाश मिशीत हसत होता. कशाला, कोण जाणे.

२४ ऑगस्ट

जयप्रकाशबरोबर वाशीला दुकानात गेलो. यंत्र लाल, नवं कोरं, परदेशातून आलेलं. डोळे निवले.

मी नेहमीच्या रीतीने बघितलं. बैल घेताना पुढून बघतात, मागून बघतात, दात बघतात, चालवून बघतात. याला मी पुढून बघितलं, मागून बघितलं, वाकून पाती बघितली. दुकानदार म्हणाला, "अंकल, नीचे क्या देख रहे हो?" मी म्हटलं, "दात."

मग त्याने दुकानासमोरच्या फरशीवर ते चालवून दाखवलं. काय चाल! जणू मांजर. मी पाठीवर हात फिरवला, कुठे ओरखडा नाही. जयप्रकाश म्हणाला, "काका, घाई करू नका, आधी घरी ट्रायल मागू." पण मी मनात त्याचं नावसुद्धा ठेवून मोकळा झालो होतो. तांबू.

घरी आल्यावर सखूने विचारलं, "बांधावरून जाईल का?"

मी म्हटलं, "अगं, परदेशी आहे तो!"

"परदेशात बांध असतात का?"

बाईच्या जिभेला हाड नाही. पुन्हा विचारलं, पायाने का हाताने. पायाने दाबायचं, म्हटलं. तर तोंड फिरवून बसली.

९ सप्टेंबर

घरात गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याची गौर. विहिरीच्या कडेला तेरडा दाट येतो, तो उपटून, डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत घरात आणायचा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तो मान सखूचा. ती आणि तिच्या मागे बायकांची रांग.

यंदा गवतातून सून गेली. पोरं म्हणाली, "आजी, तुला खुर्चीत बसवून उचलून नेतो." सखू म्हणाली, "मी काय गनपती हाय, उचलून न्यायाला?" आणि ओट्यावरच बसून राहिली. सून गौर घेऊन आली तेव्हा सखूने तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं, सगळं रीतसर केलं. मग कांदा चिरायला घेतला. आज गौरीचा नैवेद्य, कांदा लागत नव्हता. मी तसं म्हटलं, तर माझ्यावरच ओरडली.

सणासुदीला दगदग होते, चिडचिड व्हायचीच.

१४ सप्टेंबर

जयप्रकाशने आणखी एक ठिकाण काढलं. रबाळ्याला एका कारखान्याची बाग होती, तिथे आता गोदाम झालं. बागेचा माळी कृष्णात रिटायर झाला, त्याला कंपनीने गवताचं यंत्र देऊन टाकलं. तो कोल्हापूरकडचा, गावी परत चाललाय. खोलीबाहेर ताडपत्रीखाली यंत्र बांधल्यासारखं उभं होतं.

ताडपत्री काढली आणि माझा जीव खट्टू झाला. हिरवट रंग, तोही उडालेला. उंच, हाडकुळं. आणि कपाळावर, बरोबर मधोमध, हाताच्या पंजाएवढा पोचा.

मी म्हटलं, "कृष्णातराव, हा भोवरा कसला?"

कृष्णात पण बैलवाला. त्याला बरोबर लागलं. "आवं पाव्हणं, त्यो खोडीचा भोवरा न्हाई. नारळाचं झाड आडवं आलं हुतं. झाडाचीच चूक." मग कौतुकाने सांगू लागला, "ह्यो दांडा वडला की पोट वर उचलतंय. ह्यो दुसरा दांडा म्होरं सारला की चालतंय, माघारी वडला की थांबतंय. पायाचं काम न्हाई, निस्तं बसून चालवायचं. लेकरावानी हाय बगा."

पण कपाळावर असा भोवरा असलेलं जनावर खोडीचं, ते दारात आणू नये, हे माझ्या बापाने मला सांगितलेलं. चहा घेऊन परत आलो.

सखूला सांगितलं, तर ती पोच्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. म्हणाली, "हातानं चालतो?"

"हो. पण कपाळावर..."

"आनि पोट उचलतो?"

"अगं, पण दिसायला..."

"दिसाला तुमी कुठं बरे होतात? केला ना मी."

सून आत जाऊन तोंडात पदर धरून हसली. मला ऐकू येतं.

१८ सप्टेंबर

फजिती. तांबूला दुकानदाराने ट्रायलसाठी टेम्पोत घालून आणला. अर्धं बोनकोडे बघायला जमलं. सपाट खळ्यावर असा चालला, की पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदाराचा माणूस फुशारून म्हणाला, "और दिखाऊं?" आणि घेतला बांधावर.

पोट बांधावर टेकलं. मागची चाकं गरागरा फिरतात आणि तांबू जागच्या जागी. चौघांनी उचलून काढला. पोटाचा पत्रा वाकला, तर तो माणूस आम्हालाच म्हणतो, "जमीन खराब है."

धर्मराज म्हणाला, "बाबा, बांध पाडून टाकू या का?"

ओट्यावरून सखूचा आवाज आला, "बांदाला हात लावशील तर बग!"

पोरगं जागेवर थिजलं. पस्तिशीचा बाप्या झालाय, आईचा आवाज चढला की सात वर्षांचा होतो.

बांध माझ्या आज्याने घातलेला. जमीन खराब म्हणे.

२१ सप्टेंबर

पुन्हा रबाळ्याला. नाक मुठीत धरून जायची वेळ. निघताना सखूने हातात नारळ दिला आणि म्हणाली, "नाय म्हनून परत येऊ नका."

कृष्णातने मला बघितलं आणि सरळ खांद्यावरचा टॉवेल काढला. मी समजलो. जयप्रकाश बिचारा बावचळला. आम्ही दोघांनी टॉवेलाखाली हात घातले, बैलबाजारात भाव ठरवताना घालतात तसे. त्याने माझी बोटं धरली, मी मान हलवली. मी त्याची धरली, त्याने "अंहं" केलं. पुन्हा धरली. जयप्रकाश म्हणतो, "काका, आकडा बोला की, मी लिहून घेतो." आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "गप रे!"

शेवटी कृष्णातने माझा हात दाबला आणि टॉवेल झटकला. सौदा झाला. म्हणाला, "टॉवेलात हात घालून कोण तरी घेऊन गेलं, बरं वाटलं. न्हाईतर भंगारवाला यायचा." डोळे पुसायला त्याला तोच टॉवेल लागला. मला पण.

यंत्र टेम्पोत चढवताना त्याने पोच्यावर थोपटलं. दसरा झाला की गावी जाणार म्हणाला, तोवर दोन दिवस इथेच. मधले दिवस दिघ्याला मेहुण्याकडे.

२८ सप्टेंबर

यंत्राचं नाव मी हिरव्या ठेवलं; तो घरी येऊन आठवडा झाला. लिहायला तोंड नाही.

चालू होतो. चांगला बैलासारखा डुरकतो. खळ्यावर थोडं अंतर गवत कापतो, मऊ वास सुटतो, मी खुशीत येतो. मग बांध जवळ आला, की फुस्स. बंद. पुन्हा चावी फिरवायची, पुन्हा चार हात जायचं, मी जरा उठून पुढे नजर टाकतो तोवर पुन्हा बंद.

गॅरेजवाला आणला. तो टुणकन बसला, दोन चकरा मारून आला. "मामा, एकदम ओके आहे." तो गेला, मी बसलो, पुन्हा तेच. म्हणजे परक्याच्या हाताखाली गुणी आणि धन्याच्या हाताखाली अडेल.

मला वाटतं, अजून त्याला आमची ओळख नाही. नवा बैल आणला की आठ-पंधरा दिवस धन्याने त्याच्याजवळ बसावं, अंगावरून हात फिरवावा. आज संध्याकाळी त्याच्याजवळ पाट टाकून बसलो. सखू ओट्यावरून म्हणाली, "पेंड पन घाला त्याला!" आणि एकटीच हसत राहिली.

बऱ्याच दिवसांनी हसली. गुडघ्यांना ऊन बरं वाटत असेल.

३ ऑक्टोबर

बांधावर नारळ फोडून बघितला. बंद.

गंमत म्हणजे चिखलात फळी फिरवायचो तेव्हा मी असाच फळीवर उभा असायचो, दोन्ही पाय फाकून, बैल पुढे. साऱ्या गावात माझ्यासारखी सपाट खाचरं कोणाची नसायची. सखू मागून रोपं टाकत यायची. तेव्हा कधी बैल असा अडला नाही. उभं राहिल्याशिवाय पुढची जमीन कळत नाही. यंत्रावर पण मी तसाच उभा राहतो, त्यात माझी काही कसूर नाही.

९ ऑक्टोबर

धर्मराजने आज फाटकापाशी खडीचा ट्रक ओतला. हळूच म्हणाला, "बाबा, तुमी केलात प्रयत्न. परवा दसरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसं येतील. आयेला पन बरं, सपाट होईल, पाय घसरनार नाय."

मी म्हटलं, "तिला विचारलंस?"

"ती ओट्यावरून उतरतच नाय, तिला काय फरक पडतो?"

खरं म्हणजे तो वाईट हेतूने बोलला नाही. पण सखूने ऐकलं. ताटातला भात तसाच राहिला. मी हिरव्याला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. कपाळाचा भोवरा म्हणतात तो हाच.

११ ऑक्टोबर, दसरा

आज पेन हातात धरवत नाही. आनंदाने.

सकाळी विळे, कोयते, धर्मराजचा ट्रक, सगळ्यांची पूजा झाली. हिरव्याला मी झेंडूची माळ घातली. म्हटलं, उद्या कोबा होणार असला तरी आज सण आहे, मुक्या जिवाचा काय दोष? कृष्णातलाही जेवायला बोलावलं होतं, गावी जाण्याआधी यंत्र बघायला आला.

यंत्राला कुंकू लावायचं ते घरच्या बाईने. सून ताट घेऊन निघाली, तर सखू म्हणाली, "आन हिकडं. मी लावतंय."

धर्मराजच्या खांद्यावर हात ठेवून ती ओट्याखाली उतरली. शिमग्यानंतर पहिल्यांदा.  तिने हिरव्याच्या पोच्यात बरोबर बोट टेकवून कुंकू लावलं. खड्डा जणू त्याच्यासाठीच होता. मग म्हणाली, "जरा बसतंय, उभं राहवत नाय."

मला वाटलं खुर्चीवर. तर तिने पायरीवर पाय ठेवला, धर्मराजने खालून आधार दिला, आणि सखू हिरव्यावर बसली. पदर खोचला. चावी फिरवली.

"सखू!"

"बाजूला व्हा!"

दांडा पुढे सारला आणि निघाली. आम्ही सगळे मागे. धर्मराज ओरडतोय, "आये, आये, थांब!" सून ताट घेऊन धावतेय, कृष्णात टॉवेल हलवतोय, "सावकाश, मावशी!" जयप्रकाश वरच्या गॅलरीतून टाळ्या पिटतोय. खळं संपलं. बांध आला. मी डोळे मिटले. आता फुस्स होणार.

झालं नाही. उघडून बघतो तर तिने पोट वर उचललं होतं आणि हिरव्या डुलत डुलत बांध चढत होता. उतरला, तसं तिने पोट खाली सोडलं. खाचरातलं कमरेएवढं गवत त्याच्यापुढे झोपत गेलं आणि मागे वाट पडत गेली, सरळ विहिरीपर्यंत. तिथे दांडा मागे ओढून ती थांबली.

आम्ही धापा टाकत पोचलो. ती शिटवर बसूनच आपट्याची फांदी ओढून पानं काढत होती. केसांत गवत. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. धूर गेला असेल डोळ्यांत.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या हाताखाली हा बंद कसा पडला नाही?"

"मी बसले होते. तुमी उठता. उठलात का तो बंद पडतो. ओट्यावरून रोज बगतंय मी."

कृष्णातने कपाळावर हात मारला. "आवो पाव्हणं, तुम्ही हुबं ऱ्हाताय व्हय? शिटच्या खाली खटका हाय. मानूस पडला तर पाती थांबावीत म्हणून. बसून चालवायचं, असं मी सांगितलं न्हवतं का?"

सांगितलं होतं. पण मला वाटलं ते सोयीसाठी.

मी सखूला म्हटलं, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

ती पानं पदरात घेत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमीच बसला असतात दिवसभर."

सगळे फिदीफिदी हसले. मलाही हसू आलं, जरी मला नीट कळलं नाही. मी बसलो असतो तर बिघडलं काय असतं?

तिने पहिलं सोनं धर्मराजच्या हातात ठेवलं. तो खाली मान घालून पाया पडला. मग मागे पडलेल्या वाटेकडे बघत म्हणाला, "आये, त्या खडीचं काय करू आता?"

"ओट्याला उतार कर. मना रोज उतरता आलं पायजे."

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. उतार तयार झाला, फाटकापाशी थोडी खडी उरली आहे, तिच्यात पोरं खेळतात. गाड्यांचं भाडं धर्मराजने पुन्हा काढलेलं नाही. परवा संध्याकाळी स्वतःच म्हणाला, "आये, मना पन एक चक्कर मारू दे." सखू म्हणाली, "पाय पुसून बस."

आता घरात कोणी विचारलं, आजी कुठंय, तर ओट्याकडे बोट दाखवत नाहीत. कान देतात. आवाज विहिरीकडून येतो. तिथे दगडावर बसून ती शेजारणींशी गप्पा मारते, अळूला पाणी घालते, आणि अंधार पडायच्या आत डुरकत परत येते. बसायला एकच जागा, त्यामुळे मी मागून चालत असतो, दगड-धोंडे उचलत. पूर्वी मी पुढे आणि ती मागे असायची. चालायचंच.

खोट काढायची सवय मात्र गेली नाही. आज विचारत होती, "याला दिवा बसवता येतो का?" कृष्णातला गावी कार्ड टाकून विचारतो.

चालवते चांगली, नाही असं नाही. फक्त विहिरीच्या कडेचा एक पट्टा दर वेळी राहून जातो. तिथे जुना तेरडा वाळून बी झडतंय. ती बरोबर त्याच्याजवळ आली की वळते. मी हाक मारून सांगितलं, "सखू, एवढं राहिलं!" म्हणाली, "राहू दे." बाईमाणूस, यंत्र नवं, कडा सांभाळून घ्यायला वेळ लागतो. 

पुढच्या गौरीपर्यंत बसेल तिचा हात.